तारीख डोक्यावर असली की हात चालतात, एरवी मशीनकडे बघवत नाही. काय करावं?

नमस्कार. मी अमळनेरला घरीच शिवणकाम करते, सोळा वर्षं झाली. जरा सविस्तर लिहिते, कारण नेमकं कुठे अडतंय ते मलाच धड कळत नाहीये.

दीड वर्षापूर्वी चिकुनगुनिया झाला. ताप आठवड्यात उतरला, पण बोटं आणि मनगट पुढे सात-आठ महिने धरलेलं होतं. कात्री उचलली की अंगठा साथ द्यायचा नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण हात बरे झाले तरी मी काही उभी राहिले नाही. दिवसाला एखादा फॉल-पिको, कुणाची पॅन्ट आखूड करून दे, बस. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावरही मशीन झाकलेलंच. सकाळी चहा घेऊन समोर बसायची आणि बॉबिन भरायलाच अकरा वाजायचे. घरच्यांना वाटायचं, अजून दुखतंय. दुखत नव्हतं.

मग यंदाची कानबाई आली. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, भाऊबंद जमतात, रोटांचा स्वयंपाक होतो आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. गल्लीतल्या एका मोठ्या घरातल्या सुना-लेकींनी एकाच रंगाच्या साड्या घेतल्या होत्या आणि त्यांच्या शिंपीणबाईंनी ऐनवेळी नाही म्हटलं. एकवीस ब्लाउज, आठ दिवस. मी हो म्हणून बसले.

ते आठ दिवस मी विसरणार नाही. आधी सगळी अस्तरं पाण्यातून काढून गच्चीवर वाळत घातली. मापाची चिठ्ठी प्रत्येकीच्या पिशवीलाच टाचली, सारख्या मापाचे ब्लाउज एकावर एक ठेवून बेतले. रात्री साडेबारापर्यंत मशीन चालायचं. अंग थकायचं, पण डोकं लख्ख. त्या घरातल्या आजी रोज दारात येऊन विचारायच्या, "मना ब्लाउज व्हयना का वं?" आणि मला त्या हाकेचा राग येण्याऐवजी हुरूप यायचा. शनिवारी दिवेलागणीला शेवटचे हुक लावले, तेव्हा पोटभर रडून घेतलं.

एक चूक मात्र झाली. साधे ब्लाउज झपाझप झाले, पण रात्री एक वाजता प्रिन्सेस कटचा बेतला, तर पुढचे दोन्ही भाग डाव्याच बाजूचे कापले! कापड उरलेलं होतं म्हणून निभावलं. लेक कॉलेजात मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली, यर्क्स आणि डॉडसन यांनी 1908 मध्ये उंदरांवर प्रयोग करून हेच पाहिलं होतं. सोप्या कामाला जास्त ताण चालतो, अवघड कामाला मात्र बेताचाच मानवतो. मला ते पटलं. आता अवघड कटाई सकाळीच करायची, रात्री फक्त शिलाई, एवढं ठरवलंय.

पण खरी अडचण पुढेच आहे. कानबाई होऊन तीन आठवडे झाले आणि मी परत त्याच चहाच्या कपापाशी. मला शिवणक्लास काढायचाय, खूप दिवसांचं मनात आहे. त्यासाठी 28 ते 42 छातीच्या मापांचे ब्राऊन पेपरचे फर्मे करायचेत. फक्त 32 चा झालाय. कॅलेंडरवर लाल पेनाने तारखा टाकून पाहिल्या. ती तारीख माझीच, मीच पुढे ढकलते. मनाला बरोबर कळतं की दारात कुणी उभं नाही.

शिवाय धास्तीही आहे. कानबाईनंतर दोन दिवस अंगठा सुजला होता. असा नेट आठ दिवस लावला तर ठीक, त्यावर वर्ष निघेल का?

इथे कुणी लांबलेल्या आजारपणानंतर किंवा घरातल्या दुःखानंतर असं पुन्हा कामाला लागलं असेल तर सांगा. ज्या कामाची कुणी वाट बघत नाही, ते तुम्ही कसं तडीला नेता? रोज एक फर्मा करून शेजारणीला दाखवायचा, असं काही केल्याने फरक पडतो का? क्लासचं विचारायला दोन बायका येऊन गेल्यात. फर्मे अपुरे असतानाच त्यांच्याकडून फी घेऊन "घटस्थापनेला या" सांगून टाकू का, की हे अंगाशी येईल?