घरच्या लॅब्राडॉरला गाइड डॉग करता येतं का? भावासाठी विचारायलेय (सोलापूर)

अक्कलकोटरोडची_ताई

नमस्कार मंडळी, धाकट्या भावासाठी विचारायलेय. वय २६. त्याला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसा. आधी रात्रीचं दिसायचं बंद झालं, मग बाजूचं, आता समोरचा एवढासा गोल उरलाय, आणि डॉक्टर म्हणाले तोही हळूहळू जाऊ शकतो. नोकरी सुटली तेव्हापासून घरातच आहे. आई त्याला बोळाच्या तोंडापर्यंतसुद्धा एकटा जाऊ देत नाही.

आमच्याकडे ब्रुनो आहे, लॅब्राडॉर, तीन वर्षांचा. भावाशिवाय त्याचं पान हलत नाही, भाऊ बाथरूममध्ये गेला तरी हा दाराला नाक लावून बसतो. मी परदेशातले गाइड डॉगचे, म्हणजे अंध माणसाला रस्त्यानं नेणाऱ्या कुत्र्यांचे व्हिडिओ बघितले आणि डोक्यात आलं की आपल्याकडे कुत्रा तर आहेच, जीव लावणारा आहे, मग याला ट्रेनिंग दिलं तर? सोलापूर-पुण्याकडे असं कोणी शिकवतं का? आणि शिकवला तर नवी पेठ, मंगळवार पेठेच्या गर्दीतून तो भावाला नीट नेईल का? खर्चाचं आम्ही बघू, खरं काय ते सांगा.

डॉक्टर_जनावरांचे

ताई, सोलापुरातच प्रॅक्टिस करतो म्हणून स्पष्ट सांगतो. ब्रुनो गाइड डॉग होणार नाही, आणि कोणी पैसे घेऊन "करून देतो" म्हणालं तर देऊ नका.

गाइड डॉगची पिल्लंच मुळात निवडलेल्या आईबापांची असतात. जेमतेम दोन महिन्यांचं पिल्लू एखाद्या स्वयंसेवक कुटुंबाकडे जातं, तिथं वर्षभर बस, बाजार, जिने, आवाज सगळं सवयीचं करतात, मग पुढं शाळेत काही महिने खरं ट्रेनिंग. एवढं करून बरीच कुत्री गळतात, कुणी मांजर दिसली की वळतं, कुणी खाली पडलेलं खातं. तीन वर्षांचा घरचा लाडका लॅब, त्यात लॅब म्हणजे खादाड, भज्याच्या गाडीजवळून मान न वळवता जाईल का तुम्हीच सांगा.

दुसरं म्हणजे आपली मोकाट कुत्री. प्रत्येक बोळाची टोळी वेगळी. ब्रुनो दुसऱ्यांच्या हद्दीत गेला की चार-पाच अंगावर येणार, तो एकतर भांडणार नाहीतर पळणार, आणि त्याचा पट्टा ज्याच्या हातात आहे त्याला दिसत नाही. मला याच गोष्टीची सगळ्यात जास्त भीती वाटते.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो तेव्हा डांबरावर पंजे भाजतात. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा, हात ठेववत नसेल तर कुत्र्याला चालवायचं नाही.

विजापूरवेस_ते_लीड्स

मी मूळचा सोलापूरचा, सध्या इंग्लंडमध्ये. माझ्या शेजारच्या डेस्कवर एक अंध बाई आहेत आणि डेस्कखाली त्यांची कुत्री, काळी लॅब. रोज बघतो म्हणून जरा लांबडं लिहितो, कारण व्हिडिओत अर्धंच दिसतं.

पहिली गोष्ट, कुत्र्याला रस्ता माहीत नसतो. रस्ता माणसाच्या डोक्यात असतो. किती चौक, कुठं डावीकडे, कुठं बेकरीचा वास आला की उजवीकडे, हे बाई ठरवतात आणि "पुढे", "डावीकडे" असं सांगतात. कुत्रीचं काम वाटेतलं सगळं चुकवणं, फुटपाथ संपला की थांबणं, डोक्याला लागेल अशी फांदी असली तर बाजूनं नेणं, दार किंवा जिना शोधून देणं. सिग्नलचा रंगसुद्धा कुत्रा बघत नाही, गाड्यांच्या आवाजावरून कधी निघायचं ते माणूसच ठरवतो. फक्त माणूस "पुढे" म्हणाला आणि गाडी येत असली तर कुत्र्यानं ऐकायचं नाही, हे त्याला मुद्दाम शिकवलेलं असतं. इलेक्ट्रिक गाड्यांचा आवाज येत नाही ना, तिथं हे फार कामाला येतं. एकदा माझ्यासमोर बाईंनी पुढे म्हटलं आणि ही जागची हलेना, दोन सेकंदांत गाडी गेली. बाईंनी काही न बोलता तिच्या कानामागं खाजवलं आणि परत पुढे म्हटलं.

दुसरी गोष्ट, कुत्रं असं उचलून देत नाहीत. माणसाची चाल किती वेगाची, उंची किती, घरात कोण, कामावर जायला गर्दी किती, हे सगळं बघून जोडी लावतात. बाई भरभर चालतात म्हणून त्यांना ही भरभर चालणारी मिळाली. कुत्रीच्या अंगावर हार्नेस, म्हणजे पट्ट्यांचा साज असतो, त्याला ताठ दांडा असतो, त्यातून कुत्रीच्या खांद्याची हालचाल हातात कळते. त्या म्हणतात, ती नुसती कान टवकारते तरी मला दांड्यातून समजतं.

आणि तिसरं, मला जे सगळ्यात जास्त भिडतं ते. लोक म्हणतात कुत्री बाईंना सांभाळते. अहो दिवसभर बाई तिचं करत असतात! खाणं मोजून त्याच घालतात, रोज ब्रश करताना सगळ्या अंगावरून बोटं फिरवून कुठं गाठ आहे का, पंजात काही रुतलंय का ते बघतात. कुत्री शी करायला बसली की तिच्या पाठीवर हात ठेवतात, पाठीची कमान झाली की कळतं काय चाललंय आणि कुठं चाललंय, मग पिशवीनं स्वतः उचलतात, दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. ऑफिसात आम्हाला सक्त ताकीद आहे, हार्नेस अंगावर असताना हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, बिस्कीट तर मुळीच नाही. घरी हार्नेस काढला की तीच कुत्री लोळते, मोजे पळवते, म्हणजे कामाची वेळ आणि खेळायची वेळ तिला पक्की कळते.

नवीन जोडी असताना पहिले काही महिने फार जड गेले म्हणाल्या. त्यांची आधीची कुत्री वय झालं म्हणून रिटायर झाली, ती बहिणीकडे राहायला गेली, आणि नवी थांबली की यांच्या मनात यायचं, जुनी इथं थांबली नसती. विश्वास बसायला दोघींना वेळ लागला.

जाता जाता, याची पहिली शाळा १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्गला निघाली, महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी. अमेरिकेत १९२९, इंग्लंडमध्ये पहिल्या जोड्या १९३१ ला. आणि इथं टॅक्सीवाला किंवा हॉटेलवाला गाइड डॉगला नाही म्हणू शकत नाही, कायदाच आहे. मागं शंभर वर्षांची तयारी आणि मोकळे फुटपाथ आहेत तेव्हा हे जमतंय, आपल्याकडे एकट्या ब्रुनोवर ते ओझं टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे.

काठीवाले_काका

ताई, मी जन्मांध. बँकेत नोकरी केली, आता रिटायर. सोलापुरात एकटा फिरतो, पांढऱ्या काठीवर. वरच्या दोघांनी बरोबर सांगितलंय. लीड्सवाले म्हणाले की रस्ता माणसाच्या डोक्यात असतो, मग तो डोक्यात आधी घालायला नको का? भावाला काठी शिकवा. आत्ताच, थोडं दिसतंय तोवर.

काठी छातीच्या हाडापर्यंत उंच हवी. डावं पाऊल पुढं पडलं की टोक उजवीकडे टेकायचं, उजवं पडलं की डावीकडे, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधी तपासून होते. उघडं चेंबर, पायरी, उभी केलेली मोटरसायकल काठीला कळते. ट्रकच्या मागून बाहेर आलेल्या सळया मात्र कळत नाहीत, त्यासाठी आयआयटी दिल्लीनं २०१४ मध्ये स्मार्टकेन काढली, ती अल्ट्रासाउंडवर डोक्यापर्यंतचं आडवं आलेलं ओळखते आणि मुठीत थरथरते. पण साधी काठी आल्याशिवाय ती घेऊ नका.

आणि आपलं गाव कानानं फार सोपं आहे हो. यंत्रमागाचा खडखडाट कुठल्या गल्लीत सुरू होतो, कुठं थांबतो, शेंगा भाजल्याचा वास कुठल्या वळणावर, मशीद कुठं, मंदिराची घंटा कुठं. मला अशोक चौक कुणी सांगावा लागत नाही. नोकरीचंही सोडू नका, फोनवरचं टॉकबॅक मराठी मोठ्यानं वाचून दाखवतं, कॉम्प्युटरला तेच काम करणारं एनव्हीडीए फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनीच बनवलंय.

आईला माझा नमस्कार सांगा. भीती वाटणारच, माझ्याही आईला वाटायची. पण २६ वर्षांचं पोरगं घरात बसून खचतं, ते पायाला ठेच लागण्यापेक्षा वाईट.

अक्कलकोटरोडची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, सगळं भावाला वाचून दाखवलं. लीड्सवाल्या दादांचं ते पाठीवर हात ठेवायचं त्यानं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, ब्रुनोचं सगळं तू आणि आईच करता, मला काय येणार नाही का? खरंच सध्या त्याच्याकडे काहीच नाही. खाणं, अंघोळ, ब्रश, हे तो एकटा करू शकेल का? त्याला जमेल असं कसं सुरू करू?

डॉक्टर_जनावरांचे

शंभर टक्के जमेल, आणि हे खरं तर मी वरच लिहायला हवं होतं, तुम्ही विचारलंत ते छान झालं. स्टीलचं भांडं रोज एकाच जागी, खाणं वाटीनं मोजून, पाणी बोट बुडवून बघायचं. ब्रश करताना कानाच्या मागं, काखेत, बोटांच्या बेचक्यात हळू चाचपायचं, गोचीड तिथंच बसतो. केसांत लपलेला गोचीड माझ्या डोळ्यांना चुकतो, बोटांना चुकत नाही. घरात पायात येऊन भाऊ अडखळू नये म्हणून ब्रुनोच्या गळ्यात घुंगरू बांधा, बैलांच्या सामानाच्या दुकानात मिळतं. रेबीजची लस वेळेवर, त्याची तारीख भावानंच लक्षात ठेवायची. दवाखान्यात आणाल तेव्हा मी प्रश्न त्यालाच विचारणार.

काठीवाले_काका

डॉक्टरांना +१. फक्त एक, काठी शिकेपर्यंत बाहेर चालताना ब्रुनोचा पट्टा तुमच्या हातात. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ओढणारं कुत्रं असलं की दोन्हीकडचं लक्ष जातं. पुढं काठी हातात बसली की मग पट्टा कधी घ्यायचा ते तोच ठरवेल.

रविवारी सकाळी सातला भावाला होम मैदानावर घेऊन या, ऊन चढायच्या आत तासभर होईल. माझ्याकडे जास्तीची काठी आहे, उंची बघून सांगतो कितीची घ्यायची. आई येत असतील तर त्यांनाही आणा, बाकावर बसून बघू देत. यायचं नक्की झालं की व्यनि (खासगी निरोप) करा.