कॉलेजचा रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा करताना : आपले अनुभव

पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने लक्ष्मी रस्त्यावर वाहने थांबवून पादचारी दिन पाळला. त्याआधी नोव्हेंबर २०२० पासून बंगळूरच्या चर्च स्ट्रीटवर शनिवार-रविवारी गाड्या बंद ठेवण्याचा प्रयोग झाला होता. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील कॉलेजांच्या आवारातही असे प्रयत्न होत असतात. त्यात प्रत्यक्ष काय घडले, काय फसले, एवढेच येथे लिहावे, ही विनंती.

निवृत्त प्राध्यापिका, टिळकवाडी
आमच्या आवारात ग्रंथालय एका बाजूला, प्रयोगशाळा दुसऱ्या बाजूला आणि मधून गाड्यांचा रस्ता होता. पीयूसीचे (अकरावी-बारावीचे) तास सुटण्याची आणि पदवीचे तास भरण्याची वेळ एकच असल्याने तेवढ्या दहा मिनिटांत पायी मुले आणि स्कूटरी समोरासमोर येत. एका मुलीच्या पायावरून मोटारसायकल गेल्यानंतर समिती नेमली गेली व मी तिची सदस्य झाले. पहिल्या सोमवारी शिपायाने उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायची सुतळी दोन झाडांना ताणून रस्ता बंद केला. रस्ता खरोखर मोकळा राहिला. मात्र आतल्या साऱ्या गाड्या मागच्या गल्लीत, लोकांच्या तुळशीवृंदावनांना टेकून उभ्या राहिल्या आणि बुधवारी गल्लीतली मंडळी प्राचार्यांच्या दारात आली. चूक आमचीच होती, कारण गाड्या कुठे जाणार याचा विचार आम्ही रस्ता बंद केल्यावर सुरू केला. मग मागच्या फाटकालगतच्या पडीक जागेत मुरूम टाकून तिथे गाड्यांची सोय केली आणि प्राध्यापकांच्या मोटारीही तिकडेच लावायच्या असे ठरले. विद्यार्थी आठवडाभरात वळले, आमच्यापैकी काहींना अख्खे सत्र लागले. (त्यांत मीही होते, गुडघ्याचे निमित्त पुढे केले होते.)

एम.कॉम.चा विद्यार्थी, बेळगाव
मी हाताने चालवायची तीनचाकी वापरतो. गाड्या अडवण्यासाठी लोखंडी खांब इतके जवळ रोवले होते की मोटारसायकलवाले तिरके होऊन निसटत आणि अडकायचा तो मीच. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. ते पान मी अर्जाला जोडले, तेव्हा मधला एक खांब निघाला. पुढे उतार बांधला तोही इतका खडा, की मला उलटे वर चढावे लागे. बारा फूट लांबीला एक फूट चढ हे प्रमाण गवंड्याला कुणी सांगितलेच नव्हते. शेवटी टेप घेऊन मी त्याच्याजवळ थांबलो, चुन्याची रेघ मारून घेतली, आणि उतार दुसऱ्यांदा बांधला गेला.

गाडेवाल्याची मुलगी, शहापूर
वडिलांचा मिरची-भज्यांचा गाडा फाटकावर असे. रस्ता सुंदर करायचा म्हटले की सर्वांत आधी गाडे हलवण्याची भाषा सुरू होते. २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे फेरीवाल्याला जागेवरून हलवण्याआधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे मी वडिलांच्या वतीने लिहून दिले. मग चर्चा झाली आणि गाडा रस्त्याच्या टोकाला, वडाच्या सावलीत आला. गाडीवरून न उतरताच पुडा नेणारे गिऱ्हाईक तुटले, पण कठड्यावर बसून खाणारे वाढले. भज्यांचा गल्ला जवळपास तेवढाच आहे. चहा मात्र जास्त खपतो.

स्थापत्य अभियंता, खानापूर रोड
आमच्याकडचा पाऊस विसरू नये. एका आवारात गुळगुळीत फरशी बसवली आणि श्रावणात तिच्यावर शेवाळ धरून दोघे आपटले. फरशी खरबरीत हवी आणि गटार आधी व्हायला हवे. बाके ठेवतानाही अग्निशमन दलाच्या गाडीला लागणारी रुंदी सोडावी.

पहारेकरी, मच्छे
कागदावर दहा ते चार गाड्या आत सोडायच्या नाहीत, एवढाच नियम आहे. प्रवेशाच्या दिवसांत मात्र पालक गाडी थेट ऑफिसच्या पायरीपर्यंत नेऊ पाहतात आणि आम्ही सौंदत्तीहून आलो, म्हाताऱ्या आईला किती चालवायचे, असे विचारतात. आईसाठी साखळी काढतो; मोटार लगेच परत फिरवायची, असे एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये सांगतो. दोन्ही भाषांतला फलक मी मागितला आहे. तोवर कुलपाची किल्ली माझ्या खिशात असते.