मदत हवी आहे: हिमालयन ४११ ला फ्रेमवरचं फेअरिंग आणि नवा डॅश, ब्रॅकेट थरथरतंय

नमस्कार मंडळी,

गाडी रॉयल एनफील्ड हिमालयन ४११, २०१९ची बीएस-४, ४८ हजार किलोमीटर झालेली. राहते साताऱ्यात. माझी उंची पाच फूट दोन इंच, आणि ती मुद्दाम सांगतेय, कारण सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं. कंपनीच्या छोट्या काचेवरून उसळलेली हवा नेमकी माझ्या हेल्मेटच्या चोचीवर आदळते. ऐंशीच्या पुढे डोकं एकसारखं हलत राहतं. बेळगावला पोहोचेपर्यंत मान आखडलेली असते आणि कानातली शिट्टी रात्री झोपेपर्यंत जात नाही. इअरप्लग वापरते, त्याने कान वाचतात, मान नाही.

उंच काच लावून पाहिली, तर घोंघाट उलट वाढला. काचेच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि बाजूची हवा भोवरे करत आत ओढली जाते. मग तीच काच वॉशर टाकून पुढे घेतली आणि खाली दोन बोटं फट सोडली. खालून थोडी हवा आत येऊ लागल्यावर डोकं हलणं निम्म्यावर आलं. तेव्हाच ठरवलं की नुसती काच बदलून भागणार नाही, रॅलीच्या गाड्यांसारखं उभं फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं कवच) आणि त्याच्या आत डॅश (फोन, बटणं बसवायचं पॅनेल) असं एकदम करायचं. सप्टेंबरात स्पितीला जायचंय. ग्रांफू ते काझा रस्त्यावरचे दगड आणि नाले सोसेल इतकं ते मजबूत हवं.

हिमालयनचा हेडलाइट आणि काच हँडलबरोबर वळत नाहीत, दोन्ही फ्रेमवर बसवलेली आहेत. (रॉयल एनफील्डच्याच स्क्रॅम ४११ मध्ये हेडलाइट हँडलबरोबर फिरतो, त्यामुळे ती गाडी असणाऱ्यांनी हे जसंच्या तसं करू नये.) म्हणजे फेअरिंगचं वजन हँडलवर येणार नाही. एका दुकानात तयार फेअरिंग दाखवलं, पण त्यासाठी मूळ हेडलाइटचं ब्रॅकेट कापावं लागणार होतं. मी नाही म्हणाले. गाडीचा एकही मूळ भाग कापायचा नाही, तासाभरात सगळं पूर्ववत करता आलं पाहिजे, ही माझी पहिली अट आहे.

आतापर्यंतचं काम असं. आधी पुठ्ठ्याचा साचा केला, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं. क्लच केबल, ब्रेकची नळी आणि हँडगार्ड साच्यापासून बोटभर तरी लांब राहतात. फेअरिंगचे बाजूचे पंख टाकीच्या रॅकला रबर बुश घालून धरलेत. त्यांची खालची कड मुद्दाम आखूड ठेवली, ऑइल कूलरकडे जाणारी हवा अडायला नको. मग फायबरचे तीन थर मारले. काच पॉलिकार्बोनेटची आहे. ॲक्रिलिक दगड लागला की तडकतं. पॉलिकार्बोनेटवर ओरखडे उठतात खरे, पण ते सहजी फुटत नाही. मूळ मीटर जागेवरच आहे. त्याच्या वर ५ मिमी ॲल्युमिनियमचं पॅनेल येतं, त्यावर फोन, यूएसबी चार्जर, व्होल्टमीटर आणि जादा दिव्यांचं बटण.

आता अडलंय ते सांगते.

पॅनेल धरणारी पट्टी फ्रेमपासून १८ सेंमी पुढे जाते. ४,००० ते ४,५०० आरपीएमच्या दरम्यान पॅनेल इतकं थरथरतं की फोनवरचा नकाशा वाचता येत नाही. नेमक्या त्याच टप्प्यात मी दिवसभर गाडी चालवते. शिवाय मोटरसायकलच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं, अशी सूचना खुद्द ॲपलनेच २०२१ मध्ये दिली होती. पट्टी ८ मिमीची करू का?

दुसरं, पॅनेल बसवल्यापासून मीटरमधलं होकायंत्र दिशा चुकवतंय. फोनचा होल्डर चुंबकाचा आहे आणि आधाराचा पाइप लोखंडी.

तिसरं वायरिंग. जादा दिवे दोन मिळून ४० वॉट. सगळं चालू असताना आयडलिंगला बॅटरीवर १३.१ व्होल्ट दिसतात, दिवे बंद केले की १३.९. हे ठीक आहे का?

आणि आरटीओबद्दल अनुभव असेल तर जरूर सांगा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि १८२ए वाचलंय. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणूनच मूळ हेडलाइट, इंडिकेटर आणि नंबरप्लेट यांना हात लावलेला नाही.

प्रतिसाद

ताई, पट्टी जाड करू नका. जाडी वाढवली की ताठपणा वाढतो, पण वजनही वाढतं आणि ते पुढेच लटकतं. त्यापेक्षा लांबी कमी करा. टोकाला वजन असलेल्या पट्टीची लांबी निम्मी केली तर ती आठपट ताठ होते. १८ चं १८ ठेवायचंच असेल, तर खालून एक तिरपा आधार द्या, त्रिकोण झाला पाहिजे. माझ्या गाडीला १० मिमीच्या पोकळ ॲल्युमिनियम नळीचा आधार दिल्यावर थरथर पूर्ण गेली नाही, पण वरच्या आरपीएमला सरकली, जिथे आपण क्वचित जातो. पॅनेल आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये रबर घाला, ब्रॅकेट आणि फ्रेम यांच्यामध्ये नको, नाहीतर सगळा डोलारा हलेल. नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीने सैल न होणारे) वापरा, आणि पाचशे किलोमीटरनंतर सगळे एकदा पाना लावून तपासा.

होकायंत्राचा दोष चुंबकाचा आणि त्या पाइपाचाच दिसतो. दोन्ही काढा, क्लॅम्पचा होल्डर लावा आणि मग मीटर मॅन्युअलप्रमाणे पुन्हा कॅलिब्रेट करा.

वायरिंगमध्ये १३.१ म्हणजे चार्जिंग चालू आहे, पण हात आखडता आहे. ४० वॉटला साडेतीन अँपिअरच्या आत करंट लागतो, रिलेसह (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ५ अँपिअरचा फ्यूज पुरेल. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. वायर घासून शॉर्ट झाली तर बॅटरी ते फ्यूज हा तुकडा फ्यूजच्या संरक्षणाबाहेरच राहतो. रिलेचा इशारा इग्निशन चालू झाल्यावर जिवंत होणाऱ्या वायरवरून घ्या, म्हणजे दिवे चालू राहून बॅटरी उतरणार नाही. तुमचं फेअरिंग फ्रेमवर असल्याने तिथल्या वायरी हँडलबरोबर वाकत नाहीत, हा मोठा फायदा आहे. बटण पॅनेलवर न ठेवता हँडलवर नेलंत, तर मात्र त्या वायरीला मोकळा वळसा ठेवा.

एक विचारतो, आडव्या वाऱ्यात चालवून पाहिलीत का? पंख मोठे वाटतायत.

मूळ धागाकर्ती

मनापासून आभार. लांबी कमी करता येत नाही, मीटर झाकला जातो. त्यामुळे तिरपा आधारच देते, नळी आजच आणलीय. चुंबकाचा होल्डर आताच काढला.

आडव्या वाऱ्यात अजून चालवलेली नाही, हे खरंच राहून गेलं. चाळकेवाडीचं पठार घरापासून जवळ आहे, पवनचक्क्यांच्या रांगेत वारा एकदम बाजूने धरतो. रविवारी आधी पंख लावून आणि मग काढून, एकाच रस्त्यावर दोन्ही वेळा साठच्या वेगाने जाऊन येते. पंख लावल्यावर गाडी जास्त ढकलली गेली, तर ते टाकीच्या रॅकपाशी चार बोटं कापेन. ते मीच घडवलेत, कापायला हरकत नाही.