इथली जाहिरात तिथं: एकाच घरची की नक्कल?

मांजराकाठ (प्रश्न)
लातूरकडची जी मंडळी बाहेर आहेत किंवा जाहिरातीच्या धंद्यात आहेत, त्यांना विचारायलो. जर्मनीत टीव्ही लावला की निम्म्या जाहिराती ओळखीच्या वाटतात. भाषा कळत नसली तरी पुढं काय होणार ते आधीच कळतं. छातीला बाम चोळणारा आईचा हात तोच, आइस्क्रीमवरचं लाल हृदयही तेच, फक्त नावं वेगळी. उलट साबणात घोळ आहे. ब्रिटनमधल्या पर्सिल या धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत चिखलात लोळणारी पोरं, म्हणजे सरळ 'दाग अच्छे हैं'. इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, पर्सिलच्या जाहिरातीत मात्र तसलं काहीच नाही. एकाच कंपनीची जाहिरात कोणती आणि उचललेली कोणती, हे कसं ओळखायचं? आणि कल्पना एकच असेल तर मधला मजकूर एवढा का बदलतो?

वाळूज नाका
आधी नाव विसरा, पाकिटाची मागची बाजू वाचा. मालक कोण ते तिथंच बारीक अक्षरात असतं. क्वालिटी वॉल्सचं लाल हृदय जर्मनीत लांगनेझे, इटलीत अल्गिडा आणि ऑस्ट्रेलियात स्ट्रीट्स या नावांवर दिसतं. ही सगळी युनिलिव्हरनं वाढवलेली भावंडं. लेजचे वेफर्स ब्रिटनमध्ये वॉकर्स होतात. विक्स जर्मनीत 'विक' आहे, कारण जर्मन माणूस इंग्रजी 'व्ही' अक्षराचा उच्चार 'फ' करतो आणि मूळ स्पेलिंग तसंच वाचलं तर शिवी होते. म्हणून पहिलं अक्षर बदलून 'डब्ल्यू' केलं.

पर्सिलचं उलट आहे. नाव एक, मालक दोन. हेन्केल या जर्मन कंपनीनं 1907 मध्ये जर्मनीत ही पावडर आणली आणि तिथं ती आजही त्यांचीच आहे. ब्रिटनमध्ये मात्र पर्सिल हे नाव युनिलिव्हरकडं आहे. डाग चांगले ही कल्पना युनिलिव्हरची. ती भारतात 2005 च्या सुमारास सर्फ एक्सेलवर आली, ब्राझीलमध्ये ओमोवर आणि ब्रिटनमध्ये पर्सिलवर. जर्मन पर्सिल प्रतिस्पर्ध्याचं, त्यामुळं तिथं ती पोरं दिसणार नाहीत.

नकलेची शंका आली तर मालक, वर्ष आणि दृश्यांचा क्रम, तिन्ही ताडून बघा. कोका-कोलाच्या 1979 च्या अमेरिकी जाहिरातीत दमलेला खेळाडू पोराकडून बाटली घेतो आणि जाताना आपली जर्सी त्याच्याकडं टाकतो. हीच पटकथा ब्राझीलमध्ये फुटबॉलपटू झिकोला आणि अर्जेंटिनात मॅराडोनाला घेऊन पुन्हा चित्रित केली. क्रम तंतोतंत तोच, पण मालकही तोच, म्हणून ती नक्कल नव्हे. मालक वेगळा आणि क्रम हुबेहूब असेल तरच बोट दाखवावं. नुसता चिखलातला पोरगा दिसला म्हणून चोरी म्हणू नये, साबणाच्या जाहिरातीत मळका पोरगा असणारच.

काळी माती
मधला मजकूर बदलतो तो धुण्याच्या रीतीमुळं. आपल्याकडं बादली, ब्रश आणि फरशी. त्यामुळं जाहिरातीत फेस भरपूर दाखवतात, कारण फेस आला म्हणजे निघालं असं आपण धरून चालतो. तिकडं समोरून उघडणारी मशीन. तिच्यात कपडे वर जाऊन खाली आपटतात म्हणून स्वच्छ होतात. फेस जास्त झाला तर तो गादीसारखा मधे येतो, आपटणं कमी होतं, खळबळायला पाणीही जास्त लागतं. म्हणून तिथली जाहिरात फेस दाखवत नाही, 30 अंशाच्या पाण्यात डाग निघाला असं सांगते. गावाकडची बादलीची पावडर तिकडच्या मशीनमध्ये टाकू नका, फेस दारातून बाहेर यायला लागतो.

डागही बदलतात. तिकडं गवत, केचप, रेड वाइन. आपल्याकडं लोणच्याचं तेल, हळद आणि पावसाळ्यात युनिफॉर्मला चिकटलेली काळी माती. हळदीचा डाग तर कॅमेऱ्यापुढं अवघड. साबण अल्कलीयुक्त असतो, त्यानं हळद आधी लालभडक होते आणि खरी फिकी पडते ती उन्हात.

आणखी एक जाहिरात बघा, कॅल्गॉनची, म्हणजे जड पाण्यासाठी मशीनमध्ये टाकायच्या पावडरीची. मेकॅनिक मशीनमधून हीटर ओढून काढतो, त्यावर पांढरा खडबडीत थर. हे बघून मराठवाड्यातल्या माणसाला बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरची कॉइल आठवेल, आणि कारणही तेच आहे. जड पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि सगळ्यात गरम जागी बसतो. तिकडची मशीन पाणी स्वतः तापवते, म्हणून ही भीती तिथं घरोघर लागू पडते. आपल्याकडच्या सेमी-ऑटोमॅटिकला बहुधा हीटरच नसतो.

गोदेचं पाणी
रीत आहेच, पण कायदा त्याहून मोठा. हॉर्लिक्स घ्या. ब्रिटनमध्ये त्याची ओळख झोपण्याआधीचं पेय अशी, आपल्याकडं तेच उंची वाढवणारं. 2008 मध्ये पोरं उंच, बळकट, हुशार होतात असं सांगणारी त्याची जाहिरात तिथल्या एका दक्षिण आशियाई वाहिनीवर लागली आणि पुरावा नाही म्हणून तिथल्या जाहिरात नियामकानं ती थांबवली.

आपल्याकडंही तसंच घडलं. सेन्सोडाइनच्या जाहिरातीत परदेशातले दंतवैद्य शिफारस करायचे. भारतात डॉक्टरांना अशी शिफारस करता येत नाही, मग परदेशी डॉक्टर दाखवून ती पळवाट चालणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये ठरवलं. 'जगातील क्रमांक 1' या दाव्यावर 10 लाखांचा दंडही झाला.

जर्मनीत औषधाच्या टीव्ही जाहिरातीच्या शेवटी, माहितीपत्रक वाचा आणि डॉक्टर किंवा औषध दुकानात विचारा, ही ओळ साध्या पार्श्वभूमीवर लिहून आणि वाचूनही दाखवावी लागते. त्यात चार-पाच सेकंद जातात. म्हणून बामाच्या जाहिरातीत आईचा हात राहतो आणि आजीचा प्रसंग कापला जातो.

मांजराकाठ
पाकिटं बघतो. एक राहिलं. काही जाहिरातींत माणसं तीच आणि आवाज तेवढा जर्मन. असलं कसं ओळखायचं?

वाळूज नाका
आवाज बंद करून ओठ बघा. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, ते लपवता येत नाही. आपल्या मराठी वाहिन्यांवर हिंदीतून डब केलेल्या जाहिराती बघा. पोरगी 'मम्मी' म्हणते तेव्हा ओठ दोनदा मिटतात. 'आई' म्हणताना एकदाही मिटत नाहीत. म्हणून मराठीतही 'मम्मी'च ठेवणं सोपं पडतं, नाहीतर त्या जागी पोरीची पाठ दाखवावी लागते. जर्मन पोरगं आईला 'मामा' म्हणतं, ते 'मम्मी'वर बरोब्बर बसतं.

बऱ्याच देशांत फिरवायची जाहिरात मुद्दाम तशीच काढतात. बोलणारं तोंड कमी, हात आणि वस्तू जास्त, गोष्ट निवेदक सांगतो आणि शेवटचा पाकिटाचा शॉट वेगळा. नवीन देश आला की तेवढाच शॉट आणि आवाज बदलतो. रस्ता दिसला तर गाडीचं स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे ते बघा. मूळ चित्रीकरण कुठल्या प्रकारच्या देशात झालं ते तिथं उघडं पडतं.