मदत हवी आहे: ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ पुढे वाचू की सोडू?

स्टीग लार्सनची ही २००५ची कादंबरी घेतली खरी, पण शंभरेक पानांवर अडकलेय. सुरुवात झकास! म्हाताऱ्याला दर वाढदिवशी फ्रेम केलेलं वाळकं फूल येतं, पाठवणारा अज्ञात. मग मात्र उद्योगपतीचे घोटाळे, बदनामीचा खटला आणि त्या म्हाताऱ्याच्या वांगेर खानदानात इतकी माणसं की वंशावळ सारखी उलटून बघावी लागते. एक मैत्रीण म्हणते, नेट लाव, नंतर खाली ठेववत नाही. दुसरीने बायकांवरच्या अत्याचाराची वर्णनं सोसवेनात म्हणून अर्ध्यात सोडलं. (मूळ स्वीडिश नावाचा अर्थच ‘बायकांचा द्वेष करणारे पुरुष’!) वाचलेल्यांनो, कथा नक्की कुठे वेग घेते? आणि अत्याचाराची ती पानं गाळली तर रहस्याचा धागा सुटतो का? खुनी कोण ते कृपया सांगू नका.