यूएससी-यूसीएलएची खुन्नस : कामाची की नुसती हौसेची?

सेरिटोसकर

थोरली यूसीएलएला तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा धाकट्याने यूएससीत प्रवेश घेतला आणि आमच्या घराची फाळणी झाली. फ्रिजच्या डाव्या दारावर यूसीएलएचं निळं चुंबक, उजव्यावर यूएससीचं लाल. नोव्हेंबरात या दोन विद्यापीठांच्या फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल) सामन्याचा आठवडा आला की दोघं जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून फोनवरून एकमेकांना टोमणे पाठवतात. सध्या पुण्याहून आई आलेली आहे. तिने विचारलं, "अरे, दोन्ही कॉलेजं एकाच गावातली ना? मग भांडण कसलं?" म्हटलं, आई, एकाच गावातली आहेत म्हणूनच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यूएससी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, खाजगी, १८८० सालचं. लॉस एंजेलिस तेव्हा जेमतेम अकरा हजार वस्तीचं गाव होतं. एक प्रोटेस्टंट, एक आयरिश कॅथलिक आणि एक ज्यू बँकवाला, अशा तिघांनी जमीन दिली. ५३ विद्यार्थी, १० शिक्षक. यूसीएलए म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाचं लॉस एंजेलिसमधलं आवार, सरकारी, १९१९ चं, आणि तेही त्याच विद्यापीठाच्या जुन्या बर्कली आवाराची 'दक्षिण शाखा' म्हणून. १९२९ ला ते वेस्टवूडला आलं आणि त्याच वर्षी पहिला फुटबॉल सामना झाला. निकाल ७६-०, यूएससीच्या बाजूने. पुढच्या वर्षी ५२-०. त्यानंतर पाच वर्षं सामनाच नाही! १९३६ ला यूसीएलए परत आलं आणि ७-७ अशी बरोबरी केली.

आता घंटेची गोष्ट. १९३९ ला यूसीएलएच्या माजी विद्यार्थ्यांनी एका जुन्या रेल्वे इंजिनाची २९५ पौंडांची घंटा विद्यार्थ्यांना भेट दिली. १९४१ मध्ये यूएससीची सहा पोरं यूसीएलएच्या गर्दीत मिसळून बसली. सामना संपल्यावर घंटा ट्रकवर चढवायला त्यांनी मदतही केली. मग हळूच ट्रकची किल्ली लंपास केली आणि बिचारे यूसीएलएवाले दुसरी किल्ली आणायला गेले तेवढ्यात ट्रकसकट पसार. वर्षभर घंटा इकडे तिकडे लपवली, एकदा तर गवताच्या गंजीखाली. शेवटी १९४२ ला दोन्हीकडच्या विद्यार्थी अध्यक्षांनी करार केला : जो फुटबॉलचा सामना जिंकेल, घंटा वर्षभर त्याची, आणि तिचा गाडाही त्याच्या रंगात रंगणार. ते आजतागायत चालू आहे.

माझं मत असं की ही खुन्नस नसती तर यूसीएलए बर्कलीची शाखा म्हणूनच रेंगाळलं असतं आणि यूएससी श्रीमंतांच्या मुलांचं निवांत कॉलेज राहिलं असतं. शेजारचा पुढे गेला की आपोआप पाय उचलतात. पटतंय का?

खडूस मास्तर

गोष्ट झकास, निष्कर्ष भुसभुशीत.

यूसीएलए वाढलं ते राज्याच्या तिजोरीवर. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी खर्चाने शिकायला आलेले हजारो सैनिक, आणि शहरभर पसरलेले विमान कारखाने ज्यांना इंजिनियर हवे होते. या दोन गोष्टी काढून टाका आणि घंटा कितीही वाजवा, काही होत नाही. खुन्नस हा मोठं झाल्याचा परिणाम आहे, कारण नव्हे. दोन टपऱ्यांची भांडणं रस्त्यावरची दोन माणसं बघतात. त्याच टपऱ्यांची हॉटेलं झाली की त्याला 'परंपरा' म्हणतात.

आणि खेळाचं म्हणाल, तर २०१९ चं प्रवेश प्रकरण आठवा. श्रीमंत आईबापांनी पैसे चारून पोरांना खोट्या स्पोर्ट्स कोट्यातून आत घुसवलं. ज्या मुलाने कधी चेंडूला पाय लावला नाही तो कागदावर खेळाडू. त्यात यूएससीच्या खेळ विभागातले लोक अडकले आणि यूसीएलएचा फुटबॉल, म्हणजे आपल्या फुटबॉलचा, प्रशिक्षकही. त्या एका बाबतीत मात्र दोघांत अजिबात वैर नव्हतं.

बारामतीचा ट्रोजन

मास्तर, एका प्रकरणावरून १४० वर्षांना नापास करू नका राव.

मी यूएससीतून एम.एस. केलं; तिथल्यांना ट्रोजन म्हणतात. पहिल्या दिवशी ओळखपरेडला बसलो तर डावीकडे विमाननगर, उजवीकडे डोंबिवली. आमच्या इंजिनियरिंग स्कूलचं नाव व्हिटर्बी. दूरसंचार शिकलेल्या प्रत्येकाने त्या नावाच्या अल्गोरिदमचा ट्रेलिस, म्हणजे जाळीसारखी आकृती, परीक्षेत काढलेला असतो, वेळ पुरत नाही म्हणून घाम फुटलेला असतो. ते अँड्र्यू व्हिटर्बी आमचे पीएच.डी., १९६२ चे. पुढे मोबाइल चिपवाल्या क्वालकॉमच्या संस्थापकांपैकी एक. २००४ ला ५ कोटी २० लाख डॉलर त्यांनी कोणाला दिले? आम्हाला. चंद्रावर उतरलेल्या आर्मस्ट्राँगची मास्टर्सची पदवीही आमचीच. आम्हाला 'सेकंड चॉइसचं विद्यापीठ' म्हणून हिणवणाऱ्यांनी जरा अभ्यास वाढवावा.

निळीसावळी

@बारामतीचा ट्रोजन, अभ्यास वाढवलाच आहे. व्हिटर्बींनी तो अल्गोरिदम प्रसिद्ध केला १९६७ साली. तेव्हा ते कुठे शिकवत होते? यूसीएलएत. म्हणजे डोकं आमच्या आवारात चाललं आणि पाटी तुमच्या दारावर लागली. असो, पाटीला पैसे लागतात.

इंटरनेटचा पहिला निरोप २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री आमच्या बोल्टर हॉलमधून गेला. 'लॉगिन' टाइप करायचं होतं, 'एल' आणि 'ओ' पोचले आणि समोरचा संगणक झोपला. एचआयव्हीचं नावही कुणाला माहीत नव्हतं तेव्हा, १९८१ ला, एड्सचे पहिले रुग्ण नोंदवले ते आमच्या डॉक्टरांनी. गणितज्ञ टेरेन्स टाओ आमच्याकडे शिकवतात. बास्केटबॉलमध्ये जॉन वुडन यांनी १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदं आणली, त्यातली सात सलग. पुढे बेसबॉलमध्ये गाजलेले जॅकी रॉबिन्सन आमच्याकडे चार वेगवेगळ्या खेळांत खेळायचे.

आणि फीचं बोलूया का? कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मुलाला आमच्याकडे वर्षाची फी पंधरा-सोळा हजार डॉलरच्या घरात. तुमच्याकडे नुसती शिकवणी सत्तर हजारांच्या वर. राहणं-जेवण वेगळं. सेरिटोसकर काका, धाकट्याची शिष्यवृत्ती असेल तर ठीक, नाहीतर तुमच्याबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे.

सेरिटोसकर

शिष्यवृत्ती आहे, अर्धी. उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलत नाही, आई शेजारी बसली आहे.

खडूस मास्तर

निळीसावळी आणि ट्रोजन, तुम्ही दोघांनी मिळून माझंच काम केलंत. यूएससीत शिकलेला माणूस यूसीएलएत शोध लावतो आणि देणगी परत यूएससीला देतो. कुंपण आहे कुठे?

दुसरा दाखला घ्या, जॉन पोस्टेल. पीएच.डी. यूसीएलएची, आणि इंटरनेटचे पत्ते-क्रमांक ज्यांनी वर्षानुवर्षं एकहाती सांभाळले ते काम केलं यूएससीच्या मरीना डेल रे इथल्या संशोधन संस्थेत बसून. तुम्ही रोज वेबसाइटचं जे नाव टाइप करता ती डोमेन पद्धत १९८३ ला त्याच संस्थेत जन्मली. पहिला निरोप एका विद्यापीठातून, त्याला पत्ता मिळाला दुसऱ्याकडून. हे खुन्नस धरून होत नाही. माणसं कामाच्या मागे जातात, बस कुठली ते बघत नाहीत.

पासाडेनाचे आजोबा

मास्तर, तुमचा दाखला बरोबर आहे, पण चित्र फारच गोड काढलंत. माणसं कामाच्या मागे जातात तशी पैशाच्याही. २०१३ ला यूसीएलएतली मेंदूच्या प्रतिमांवर काम करणारी अख्खी प्रयोगशाळा प्रमुखांसकट उठून यूएससीला गेली. दोन वर्षांनी सॅन डिएगोच्या अल्झायमर केंद्राचे प्रमुख असेच गेले, तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाने थेट कोर्ट गाठलं. २०१९ ला यूएससीने ५ कोटी डॉलर भरले आणि जाहीर दिलगिरी व्यक्त केली. सॅन डिएगो वेगळं गाव, मान्य. पण मालक तोच, जो यूसीएलएचा. घंटा चोरली तर करार होतो, संशोधन अनुदान पळवलं तर वकील लागतात.

मी १९८१ पर्यंतचे सामने पाहिले आहेत. तोवर दोघंही एकाच कोलिझियम मैदानावर खेळायचे. दोन्ही घरचे, म्हणून दोन्ही संघ आपापल्या घरच्या रंगात उतरायचे, एक निळा, एक लाल. एरवी पाहुणा संघ बहुधा पांढरं घालायचा, पुढे तर तो नियमच झाला. १९८२ ला यूसीएलए आमच्या पासाडेनात रोझ बोल मैदानावर आलं आणि पुढे तो रिवाजही सुटला. २००८ ला यूएससीच्या प्रशिक्षकाने मुद्दाम लाल घालून संघ पासाडेनात उतरवला. नियमभंगाबद्दल एक टाइम-आउट (खेळ थांबवायची मोजकी हक्काची संधी) गमावला, यूसीएलएनेही लगेच आपला एक घेऊन टाकला, म्हणजे फिटंफाट. पुढच्या वर्षी नियमच बदलला. वैर्याला आपला एक टाइम-आउट सोडून देणारी खुन्नस मला तरी निरोगी वाटते.

लेडीज स्पेशल

इतके प्रतिसाद झाले आणि मुली कुठेच नाहीत? फुटबॉल, वुडन, आजोबांचे टाइम-आउट. जरा २०२५ वर या.

फेब्रुवारीत यूसीएलएचा महिला बास्केटबॉल संघ एकही सामना न हरता देशात पहिल्या क्रमांकावर होता. यूएससीच्या जुजू वॉटकिन्सने ३८ गुण, ११ रिबाउंड आणि ८ ब्लॉक करून त्यांना हरवलं. मार्चच्या पहिल्या तारखेला यूएससीने परत हरवलं, तेही त्यांच्या घरात. आठवड्याभराने परिषदेच्या, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या, अंतिम सामन्यात यूसीएलएने वचपा काढला, ७२-६७. नंतर ते देशातल्या शेवटच्या चारांत पोचले. तोवर त्या मोसमात त्यांना हरवणारा संघ एकच, बारा मैलांवरचा.

मास्तर, खुन्नस परिणाम की कारण हा वाद तुम्ही तुमच्या वर्गात घाला. त्या दोन पराभवांनी त्या पोरींना काय शिकवलं ते त्यांच्या मार्चच्या खेळात दिसलं. मी टीव्हीसमोर उभी राहून ओरडत होते, आणि माझा या दोन्ही विद्यापीठांशी काडीचा संबंध नाही.

खडूस मास्तर

लेडीज स्पेशल, सामना मीही पाहिला. टाळ्याही वाजवल्या. पण तुम्ही 'परिषद' म्हणालात ती कुठली ते सांगायचं राहिलं. दोन्ही विद्यापीठं २०२४ ला आपली पश्चिम किनाऱ्याची जुनी परिषद सोडून बिग टेनमध्ये गेली, म्हणजे मध्य-पश्चिमेतल्या आणि पार न्यू जर्सीतल्या संघांबरोबर. कारण टीव्हीचे पैसे. आता व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी मंगळवारी परीक्षा आणि शुक्रवारी देशाच्या दुसऱ्या टोकाला सामना असं करते. मागे राहिलेल्या बर्कलीचं नुकसान झालं, म्हणून यूसीएलएने त्याला वर्षाला १ कोटी डॉलर द्यायचे असं २०२४ ला ठरलं. सख्ख्या भावाला पोटगी! २०२५ पासून तर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली. तेव्हा 'विद्यापीठांची स्पर्धा' म्हणताना त्यात विद्यापीठ किती आणि वाहिनी किती, एवढं तपासा. माझा राग मुलींवर नाही, वेळापत्रकावर आहे.

गंमत पाहा, पळून जातानाही दोघं जोडीने गेले. एकमेकांशिवाय करमत नाही.

सेरिटोसकर

मास्तर, हे शेवटचं वाक्य माझ्या बाजूने धरतो.

माटुंगा रोड

थोडं अवांतर. आपल्याकडे हे का होत नाही, असा प्रश्न पडला होता, उत्तर कारभारात सापडलं. आपलं विद्यापीठ म्हणजे शेकडो कॉलेजांची परीक्षा घेणारी कचेरी. त्यामुळे ईर्ष्या कॉलेजाकॉलेजांत. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम एकांकिका स्पर्धेच्या वेळी 'अरे आव्वाज कुणाचा' ऐकलंय ना? तिथे गळ्याच्या शिरा ताणणारी दोन्ही पोरं एकाच विद्यापीठाची असतात. आमच्या रुईया-रुपारेलचं तेच. हिवाळ्यात एकमेकांना शिव्या घालायच्या आणि रोहिंटन बारिया या आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धेत मुंबई विद्यापीठाच्या एकाच संघातून खेळायचं. त्यामुळे खुन्नस कधी पिकतच नाही, कच्चीच उतरवतात.

पण एक विचारू? आपल्या त्या ईर्ष्येतून नट निघाले, क्रिकेटवाले निघाले. प्रयोगशाळा किती निघाल्या? मास्तरांनी याचं उत्तर द्यावं. त्यांच्या मते पैसा आला की सगळं येतं. आपल्या काही कॉलेजांत पैसा कमी नाही.

खडूस मास्तर

माटुंगा रोड, पैसा *आला की* येतं असं नाही म्हणालो, पैशा*शिवाय* येत नाही म्हणालो. पण प्रश्न बोचला. शेजारी तुल्यबळ कुणी नसेल तर पैसा गेटच्या कमानीवर आणि ग्रॅनाइटच्या फरशीवर जातो, हे मी स्वतः पाहिलं आहे. एवढं मान्य. याहून जास्त माझ्याकडून वदवून घेऊ नका.

बारामतीचा ट्रोजन

मास्तरांनी काहीतरी मान्य केलं! या धाग्याला घंटा द्या.

पासाडेनाचे आजोबा

२०२८ चं ऑलिंपिक विसरू नका. १९८४ ला खेळाडूंची वस्ती दोन्ही आवारांत होती, पोहण्याचा तलाव यूएससीत आणि टेनिस यूसीएलएत. या वेळी खेळाडू वेस्टवूडला राहणार. तेव्हा माझ्याकडे फक्त टेनिसचं तिकीट होतं. या वेळी नातवंडं काढणार म्हणतात.

सेरिटोसकर

सगळ्यांचे आभार. सामना शनिवारी आहे, आईलाही नेतोय. काय घालायचं यावरून दोन दिवस चर्चा चालली होती. निळं नेसली तर नातू रुसणार, लाल नेसली तर नात. शेवटी तिनेच तोडगा काढला : दोघांच्याही झेंड्यात सोनेरी आहे, तेव्हा लग्नातलं पिवळं रेशमी नेसते. काल रात्री ट्रंकेतून काढून पलंगावर पसरून ठेवलं.

थोरलीने पाहिलं आणि म्हणाली, "आजी, हा पिवळा त्यांचा आहे."