क्लोन १७ खरंच चांगला, की त्याची जागा चांगली?

प्रश्न (हडपसर): नारायणगावला मामांची जुनी थॉमसन द्राक्षाची बाग आहे. तिथल्या ३० वेली निवडून त्यांच्या काड्या डॉगरिज खुंटावर कलम करून भरल्या. एका आईवेलीच्या काड्यांपासूनच्या वेली म्हणजे एक क्लोन. ३ ब्लॉक, प्रत्येकात प्रत्येक क्लोनची एक वेल. यंदा तोडणीला वजनकाट्यापाशी मी स्वतः बसले होते. वेलीमागे सरासरी १४ किलो निघाले, क्लोन १७ ला मात्र १८. मामा म्हणतात, पुढचा अर्धा एकर याच्याच काड्यांचा. मला धीर होत नाही, कारण १७ च्या ३ पैकी २ वेली शेततळ्याच्या बांधाला आहेत, जिथं जमीन कायम ओली असते. अनोव्हात (वजनातला फरक कशामुळे किती, हे वेगळं करणारं गणित) क्लोनचा मध्यवर्ग, म्हणजे फरकाचं माप, ९, त्रुटीचा (जागा, नशीब वगैरेंचा) ६.

उत्तर (मांजरी): ताई, थांबलात ते फार बरं केलंत. तुमच्याच आकड्यांवरून (९ − ६) ÷ ३ = १, हे क्लोनमधलं आनुवंशिक विचरण, म्हणजे वाणातूनच आलेला फरक (भागिले ३, कारण क्लोनमागे ३ वेली). तीन वेलींच्या सरासरीची आनुवंशिकता (दिसणाऱ्या फरकातला वाणाचा हिस्सा) १ ÷ (१ + ६/३), म्हणजे ०.३३. आता १७ नंबर सरासरीच्या ४ किलो वर आहे, त्यातला तिसरा हिस्साच काडीबरोबर जाईल. अंदाज १८ नव्हे, १५.३ किलो धरा. असा सरासरीकडे ओढून घेतलेल्या अंदाजालाच ब्लप (BLUP) म्हणतात. ३० जणांत पहिला आलेला थोडा नशिबानंही आलेला असतो, ते नशीब हे गणित कापून टाकतं. वेली ३ च्या जागी ६ असत्या तर आनुवंशिकता ०.५ झाली असती. एकाच जातीच्या क्लोनमध्ये मुळात फरक बारीक, म्हणून वेली जास्त लागतात. या गणिताच्या मॉडेलमध्ये ओळ आणि ओळीतला वेलीचा क्रमांकही घाला, बांधाची ओल तिथं वेगळी पडेल.

उत्तर (तासगाव): तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात थॉमसनमधूनच निवडलेली, तेव्हा शोध सोडू नका. आधी आईवेलीची लीफरोल विषाणूची तपासणी करून घ्या, तो काडीतून पुढं जातो.

मांजरी: बरोबर. आणि एकट्या १७ वर सगळं लावू नका. पोर्तुगालमध्ये ७ ते २० क्लोन मिळून निवडतात, एकाचा अंदाज चुकला तरी गट सावरतो.

हडपसर: काका, मामांना १५.३ चा आकडा दाखवला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, अंदाजात वरच्या ७ क्लोनच्या काड्या घेऊ, आणि १७ ची एक ओळ तळ्यापासून लांब, वरच्या मुरमाड तुकड्यात लावू. तपासणीसाठी पानं उद्या काढते.